तार माझ्या मांडीवर होती

मी इथे नुसती वाचणारी. लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, कारण असल्या गोष्टी मला कधी पटल्याच नाहीत. कॉम्प्युटरवर काम करते. काही चाललं तर का चाललं, बंद पडलं तर का पडलं, हे लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच ठेवतो त्या नोंदींत, सापडतं... आजवर सापडत आलं होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, तेव्हा मराठी सांभाळून घ्या.

आत्याचं शेत निरगुडसरला. तीन बाजूंनी ऊस, मध्ये म्हशीसाठी घासाचा तुकडा. इकडे बिबट्या रोजचाच. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, म्हणून घास कापताना बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. मी बांधावर कॅमेरा आणि खांबावर भोंगा बसवून दिला होता. बिबट्या दिसला की भोंग्यातून आत्याचाच आवाज यायचा — "वाघ आला, ताठ उभं ऱ्हा." रेकॉर्ड करताना ती लाजली नाही, मीच लाजले.

तो प्रोग्राम एका जुन्या कंटेनरमध्ये होता, म्हणजे त्याला लागणारं सगळं सोबत बांधून ठेवलेलं. आत्या त्याला डबा म्हणायची. जुना कॉम्प्युटर जळाला. नव्यावर लिनक्सची नवी आवृत्ती टाकली आणि डबा उघडेना. कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, मेमरी, प्रोसेसर मागून घ्यायची जुनी पद्धत — सीग्रुप व्ही-वन — नव्या आवृत्तीतून काढूनच टाकली आहे, आणि डब्याला दुसरी माहीत नाही. सुरू व्हायचा, लगेच मरायचा.

मी आत्याला सांगितलं, भोंगा बंद आहे, आज घासात जाऊ नकोस.

"मग म्हशीला काय तुजा कॉम्प्युटर चारू?" म्हणाली, पट्टा बांधला, विळा घेतला आणि गेली.

मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. चाचणी करताना भोंगा उगाच वाजू नये म्हणून त्याची तार काढून मांडीवर ठेवली होती. उघड्या दारातून आत्याची पाठ दिसत होती. सकाळचं लख्ख ऊन.

ऊस हललेला मला दिसला नाही. बिबट्या दिसला तेव्हा तो तिच्या मानेवरच होता. खिळ्यांमुळे दात आत गेले नाहीत, पण त्याने पट्टाच धरला आणि तिला मागे ओढायला लागला. पट्टा गळ्यात आवळला. ती ओरडत नव्हती, ओरडूच शकत नव्हती. विळा हातातून सुटला. टाचा माती उकरत उसाकडे चालल्या होत्या. आणि मी... बसून राहिले.

तेव्हा भोंगा वाजला. आत्याचा आवाज, सगळ्या शिवारात.

"गौरे, ऊठ. खोरं घे."

मी उठले, दाराजवळचं खोरं घेऊन धावले. पहिला घाव त्याच्या पाठीवर बसला, दुसरा डोक्यावर. हाडावर लोखंड आदळतं तो आवाज अजून हातात आहे. तो माझ्याकडे वळला. खिळ्यांनी तोंड फाटलेलं, रक्त गळत होतं. एका पंज्यात त्याने माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडून उघडा केला. मी मारतच राहिले. शेजारचे बबनतात्या काठी घेऊन आले तेव्हा तो कधीच उसात गेला होता आणि मी मातीवर घाव घालत होते. त्यांनी खोरं काढून घेतलं, आत्याचा पट्टा विळ्याने कापला.

"भोंग्यात हिचीच हाक ऐकून पळत आलो," ते म्हणाले. "मग आता ही बोलंना कशी?"

आत्या वाचली. गळा चेमटला होता, आता नुसती घरघर येते.

लॉगमध्ये तीच ओळ, पुन्हा पुन्हा: जुनी पद्धत उपलब्ध नाही. त्या सकाळी डबा एकदाही चालला नव्हता. तार खुर्चीपाशी पडलेली सापडली, दोन्ही टोकं मोकळी. आणि रेकॉर्डिंगमध्ये एकच वाक्य आहे. त्यात माझं नाव नाही.

प्रोग्राम आता मी नव्या पद्धतीने लिहिलाय. त्यात आवाज माझा आहे. जुनं रेकॉर्डिंग काढून त्यात टाकू का, असं आत्याला विचारलं होतं. तिने मान हलवली, मला जवळ ओढलं आणि कानात कशीबशी बोलली, "नको काढू. तिला तिथंच ऱ्हाऊ दे."

डबा तसाच ठेवलाय. अजूनही उघडत नाही. का बोलला, मला माहीत नाही. पण आत्या घासात शिरण्याआधी खांबाला हात लावते... आणि आता मीही लावते.