वीसपैकी अकरा

माझी धाकटी बहीण कटिंग मास्तर आहे. दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात एका लांबलचक टेबलापाशी ती दिवसभर उभी असते. कापडाचे चाळीस पदर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे साचे मांडायचे, खडूने आखायचं आणि विजेच्या कातरीने कापत जायचं, हे तिचं काम. साचे मांडण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नाही. बाहीच्या बगलेत खिसा, खिशाच्या कडेला कॉलर असं ती बसवते आणि खाली धड पायपुसण्यालाही चिंधी उरत नाही. झाडूवाली बाई तिच्यावर खूश असते ती उगाच नाही.

तिची मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात. सहा वर्षांची असताना ती एकदा आईबरोबर कारखान्यात गेली होती. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आई, तो मोठा पुठ्ठा उलटा ठेव ना, मग अजून एक खिसा मावेल." बहिणीने हसत हसत ठेवून पाहिला. मावला. ही गोष्ट बहिणीने मला निदान पन्नास वेळा तरी सांगितली असेल.

शाळेत मात्र हीच पोर वीसपैकी अकरा मिळवायची. कधी बारा नाहीत, कधी दहा नाहीत. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलगी सर्वसाधारण आहे. अपेक्षा जरा कमी ठेवा." त्यात रोज सकाळी दप्तर पाठीवर चढलं की भिंगरीच्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही निघालं नाही. एक दिवस ती शाळेच्या फाटकाचा गज धरून उभी राहिली आणि सोडीचना. त्या दिवशी बहिणीने तिला घरी आणलं ते कायमचंच. नवऱ्याला विचारलं. तो बस चालवतो, दिवसभर लोकांची कटकट ऐकतो, घरी आल्यावर वाद नको म्हणतो. "तुम्ही दोघी बहिणी ठरवाल ते," म्हणाला आणि मोकळा झाला.

दोघी बहिणी म्हणजे दिवसभर पोरीला सांभाळायला मी. मी टेलिफोन खात्यात तक्रारींच्या खिडकीवर सव्वीस वर्षं काढली. समोरचा माणूस किती खरं बोलतोय हे आपल्याला आवाजावरून कळतं, असा माझा निवृत्त होईपर्यंत समज होता.

शिक्षण कचेरीने घरी शिकवायला परवानगी दिली, पण अट घालून. गणिताचा कुठला तरी धड अभ्यासक्रम निवडा, सत्र संपताना आमच्या बाई घरी येऊन वीस गुणांची परीक्षा घेतील. पंधराच्या खाली गुण पडले तर पुढच्या सोमवारी मुलगी त्याच शाळेत, त्याच वर्गात. पत्र वाचून झाल्यावर भिंगरीने एवढंच विचारलं, "त्याच बाकावर?"

मग बहिणीने अभ्यासक्रम शोधायला घेतले. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एक हसणारं मूल. गणित सोडवताना इतकं हसणारं मूल मी तरी जन्मात पाहिलेलं नाही. पण बहीण चित्रांना भुलणारी नव्हे. कारखान्यात नवा नमुना आला की ती चांगल्या कापडाला हात लावत नाही. आधी स्वस्तातल्या मांजरपाटाचा एक कापून शिवते, कुणाच्या तरी अंगावर चढवून बघते, टाचण्या टोचते, मग खरं कापड. इथेही तिने तेच केलं. तीन अभ्यासक्रम निवडले आणि प्रत्येकाचे नमुन्याचे धडे आणि पातळी बघायची चाचणी छापून आणली. निळा होता तो चार जाडजूड भागांचा, रोज साठ उदाहरणांचा. पिवळ्यात एक अस्वल पानापानावर शाबासकी देत होतं. तिसरा करड्या पुठ्ठ्याचा, चतकोर जाडीचा. कुणा निवृत्त मास्तरांनी स्वतःच छापलेला असावा. पानावर चार-पाच प्रश्न, कधी एकच, बाकी कोरं.

"पानं वाया घालवलीत," बहीण म्हणाली. कापडाची चिंधी न सोडणारी बाई, तिला कोरी पानं कशी रुचणार?

चाचण्या तीन रविवारी झाल्या. स्वयंपाकघरातलं टेबल पुसून, पेन्सिलींना टोक करून, अंडी उकडताना लावतो ते टिकटिकणारं घड्याळ मधोमध ठेवून. चाचणीवर तसं लिहिलंच होतं, पंचेचाळीस मिनिटं. भिंगरी शहाण्यासारखी बसली. निळ्यात वीसपैकी अकरा पडले. पिवळ्यात अकरा. करड्यात अकरा.

बहिणीने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. शाळाच बरोबर होती की काय, हा विचार तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तोच होता. तीन वेगळ्या टेपांनी तेच माप आलं म्हटल्यावर माप पक्कं, असं दोघींनाही वाटलं. अंग चोरून उभ्या राहिलेल्या माणसाचंही माप दर वेळी सारखंच येतं, हे निदान तिला तरी सुचायला हवं होतं.

तिने निळा घेतला आणि तोही एक इयत्ता खालचा. पाया पक्का होईल म्हणाली.

पुढचे दोन महिने आठवले तरी मला जांभई येते. सकाळी आठला निळं पुस्तक, घड्याळ, साठ उदाहरणं. पोरगी एकेका बेरजेवर दहा-दहा मिनिटं लावायची. चारचा आकडा काढायची, खोडायची, पुन्हा काढायची, त्याला मिश्या काढायची. मी ओरडायचे. ती मान डोलवायची आणि पुढच्या आकड्याला चष्मा काढायची. संध्याकाळी बहीण दमून यायची आणि वही बघून चपला काढत बसायची. पोटदुखी परत सुरू झाली. आता तर शाळाही नव्हती.

परीक्षेला तीन आठवडे उरले असतील. त्या शनिवारी माझ्याकडे नळवाला यायचा होता, म्हणून मी भिंगरीला आईकडे सोडायला कारखान्यात गेले. नेमका तिथे घड्याळवाला आलेला होता. हा माणूस वर्षातून दोनदा येतो. प्रत्येकीच्या मागे उभा राहतो, एका कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजतो आणि लिहून नेतो. तो लिहील तोच पुढे सगळ्यांचा रोजचा कोटा होतो. म्हणून तो आला की कुणीही आपला खरा वेग दाखवायचा नाही, हे बहिणीनेच तिथल्या सगळ्या पोरींना शिकवलेलं. फार हळू केलं तर साहेब ओरडतो, फार भरभर केलं तर सगळ्यांच्या मानेवर जू. मधलं धरायचं. घड्याळवाल्यासमोर आपण खडूला दोनदा टोक कसं काढतो, टेप कशी शोधतो, याची नक्कल ती घरी जेवताना करून दाखवायची आणि भिंगरी हसून हसून खुर्चीवरून खाली पडायची.

आम्ही दारात उभ्या होतो. बहीण टेबलापाशी, मागे तो माणूस. तिने खडू उचलला, खाली ठेवला, पुठ्ठा सरकवला, परत होता तिथे आणला.

भिंगरीने माझा पदर ओढला. "मावशी, बघ बघ! आई आता अकरा काढतेय."

"अकरा काय?"

"अकरा गं. वीसातले." मला कळत नाही हे बघून तिने हळू आवाजात समजावलं, मी जणू पहिलीतली आहे असं. "शाळेत बारा किंवा जास्त पडले ना, की आणखी एक पान मिळतं. तसलंच. ते केलं की आणखी एक. आणि दहाच्या खाली गेलं तर मधल्या सुट्टीत वर्गात बसायचं. मग अकरा बरे."

"आणि घरी? ते तीन रविवार?"

"तेव्हापण अकराच."

"सगळं येत होतं तुला?"

तिने खांदे उडवले. "मोजून चुकावं लागतं. ते अवघड असतं, मावशी."

मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. दोन महिने त्या बेरजांपायी मी घसा फोडला होता. पण समोर बहीण शांतपणे टेप शोधत होती आणि टेप तिच्या गळ्यात होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. सव्वीस वर्षं खिडकीत बसून माणसं ओळखली म्हणे! मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी बहीण घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग एकदम थांबली. भिंगरीला समोर बसवून म्हणाली, "अगं, ते कारखान्यातलं वेगळं. तो परका माणूस असतो. मी तुझी आई आहे ना? मला तरी सांगायचंस."

"पण घड्याळ तूच लावलंस," भिंगरी म्हणाली.

बहीण उठली, तिने घड्याळ उचललं आणि मसाल्याच्या डब्यांमागे ढकललं. निळे चारही भाग दुसऱ्या दिवशी परत पाठवले. कपाटातून करड्या पुस्तकाची छापून आणलेली पानं काढली आणि भिंगरीसमोर ठेवली. "यातलं एक पान. झालं की झालं. आणखी एक मी देणार नाही, मावशी देणार नाही, कुणीही देणार नाही. शब्द."

पहिल्या दिवशी भिंगरीने ते पान सात मिनिटांत संपवलं आणि पेन्सिल खाली ठेवून आमच्याकडे बघत राहिली. आम्ही दोघी भाजी निवडत होतो. कुणी मान वर केली नाही. आठवडाभर ती असंच बघायची. मग बघायची थांबली.

परीक्षेला आलेल्या बाई तशा भल्या होत्या. पाणी प्यायल्या, वही चाळली, "एवढंच?" म्हणाल्या. मग प्रश्नपत्रिका काढली आणि आपला फोन टेबलावर आडवा ठेवला. त्यावर आकडे धावायला लागले. साठ मिनिटं.

भिंगरीने त्या फोनकडे पाहिलं, मग आईकडे. पेन्सिल हातात, पण हलत नव्हती. तोंडाने काही सांगायची सोय नव्हती, बाई समोरच बसलेल्या. आणि सांगणार तरी काय? घड्याळ दिसलं की काय करायचं, ते आईनेच तर शिकवलेलं.

बहीण उठली. आतून भिंगरीच्या फ्रॉकचं कापड घेऊन आली. महिनाभर तसंच पडलं होतं. मांजरपाट नाही, नमुना नाही, पुठ्ठाही नाही. खालच्या फरशीवर तिने ते अंथरलं, मुलीकडे एकदा नीट पाहिलं, खडू उचलला आणि आखायला लागली. मी तिची थोरली बहीण, पण तिचा खरा वेग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. खडू थांबतच नव्हता. मागोमाग कातर. बाई प्रश्नपत्रिका सोडून तिच्याकडेच बघत राहिल्या. फोनवरची चार मिनिटं जायच्या आत फ्रॉकचे सगळे तुकडे फरशीवर सुटे झाले होते.

मी वर पाहिलं तेव्हा भिंगरी दुसऱ्या पानावर होती.

वीसपैकी वीस. बाईंनी दोनदा तपासले. शेरा लिहिला, शिक्का मारला, आणि मग उत्साहाने पिशवीतून आणखी एक कागद काढला. "हे मोठ्यांसाठीचं आहे. पण इतकं येतं तर बघू या ना, कुठवर जाते!"

भिंगरीचा चेहरा उतरला. शिक्का बसला होता, पण मंजुरीचं पत्र अजून बाईंच्या हाताखाली होतं. मी बहिणीला डोळ्यांनी खुणावलं की जाऊ दे, करू दे एक.

"नाही," बहीण म्हणाली. "तिचं काम झालंय. ती आता खेळायला जाईल."

बाईंना ते आवडलं नाही. पण कागद पिशवीत गेला आणि मंजुरीचं पत्र टेबलावर राहिलं. भिंगरी केव्हाच जिना उतरून गेली होती.

ती परत आली ती गुडघे मळवून. फरशीवरचे फ्रॉकचे तुकडे ओलांडत माझ्याशेजारी येऊन बसली.

"मावशी," ती म्हणाली, "त्या बाईंच्या दुसऱ्या कागदावर काय होतं गं?"