काकांचं उघडं राहिलेलं सेशन

ऑफिसात सगळे तिला धाकटी म्हणत, कारण सर्व्हर सांभाळणाऱ्यांत ती सगळ्यांत शेवटी आली होती. आता तिच्या हाताखाली माणसं होती, चष्म्याचा नंबर वाढला होता, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढता ओढता ती इथवर पोचली. लिनक्स तिला शिकवलं काकांनी. काका म्हणजे मशीनरूमचे धनी. शिकवत कमी, खेकसत जास्त.

काका गेले त्याला वर्ष होत आलं. मशीनरूममध्येच गेले, भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या.

यंदा साहेबांनी फर्मान काढलं: सगळे सर्व्हर कंटेनरसाठी तयार करा. म्हणजे एकाच मशीनवर ढीगभर प्रोग्राम, पण प्रत्येकाचा डबा वेगळा. एकाचं सांडलं तरी दुसऱ्याला डाग नाही. धाकटीने एकेक मशीन हाताखालून घातलं. स्वॅप बंद केलं, घड्याळं जुळवली, नवा कर्नल टाकला, रीस्टार्ट केलं, मग हे डबे चालवणारं डॉकर बसवलं. सगळी झाली. राहिलं ते काकांचं.

तिथे मात्र घोडं पेंड खात होतं. ऑफिसातले सगळे कामासाठी त्याच मशीनवर लॉगिन करत, आणि लॉगिन केलं की हजर असलेल्यांच्या यादीत काकांचं नाव दिसे. माणूस जाऊन वर्ष झालं, आणि यादीत हजर! नवख्यांच्या अंगावर काटा यायचा. धाकटीला कारण ठाऊक होतं. काका काम करत ते स्क्रीन नावाच्या प्रोग्राममध्ये, आणि लॅपटॉप मिटला तरी त्यातलं सेशन मशीनवर तसंच उघडं राहतं, मशीन रीस्टार्ट होईपर्यंत. त्यांनी शेवटचं जे टाइप केलं ते अजून तिथे होतं. ते बघायची तिची छाती झाली नव्हती. कारण ठाऊक असलं म्हणून भीती जातेच असं थोडंच आहे!

काका गेले त्या दिवशी सकाळीच दोघांचं वाजलं होतं. "काका, तुमची मशिनं आता भंगारात घालायच्या लायकीची झालीत," ती म्हणाली होती.

"आणि मी?" एवढंच विचारून ते आत गेले आणि काचेचं दार लावून घेतलं.

ती बाहेर, दाराला लागूनच असलेल्या आपल्या टेबलावर. जेवणाची वेळ टळली तरी ते आले नाहीत. रुसलेत, बसू देत, म्हणून ती उठली नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळलंही नसेल." त्या एका वाक्यावर तिने वर्ष काढलं होतं.

"धाकटे, एका मशीनपायी सगळं अडलंय," साहेब म्हणाले. "आज रीस्टार्ट झालंच पाहिजे."

"करते, साहेब."

न बघता रीस्टार्ट केलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं आणि डॉक्टरांचं वाक्य शाबूत राहिलं असतं. तिने कमांड टाइप केली, पुसली. पुन्हा टाइप केली, पुन्हा पुसली. मग घरी फोन लावला.

"आई, एखादी गोष्ट माहीत नसलेलीच बरी असते ना गं?"

"सुखाने झोप लागत असेल तर बरी," आई म्हणाली. "तू कुठे झोपतेस?"

तिने काकांचं सेशन उघडलं.

मशीनरूममध्ये पंख्यांचा असा घोंगाट, की आतल्याने बोंब मारली तरी बाहेर ऐकू येत नसे. म्हणून आतला माणूस वॉल कमांडने निरोप द्यायचा: मजकूर टाइप करून एंटर मारला, की त्या मशीनवर असलेल्या सगळ्यांच्या पडद्यांवर त्याच्या नावासकट उमटायचा. तीच कमांड तिथे थांबलेली होती. पुढे लिहिलं होतं: "धाकटे आत ये छातीत".

एंटर तेवढा राहिला होता.

म्हणजे कळलं होतं त्यांना. आणि इतकं बोलल्यावरही त्यांनी हाक मारली ती तिलाच. ती ओळ पुसायला बोट धजेना, तशीच ठेवून मशीन बंद करणं तर त्याहून जिवावर आलं. तिने एंटर दाबला.

ऑफिसभर पडद्यांवर काकांचं नाव उमटलं, त्याखाली त्यांची हाक. कुणाची तरी खुर्ची करकरली. साहेब आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

धाकटी उठली, काचेचं दार ढकलून आत गेली.

"आले हं, काका," ती म्हणाली. पंख्यांच्या आवाजात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.