शेवटचा सामना माझ्याविना

मंडळी, आज आपल्याच माणसांनी फसवलं.

युरोपातल्या राष्ट्रीय संघांची आइस हॉकी मी टेप मागेपुढे करत स्वतः शिकलो. यंदाचा अख्खा हंगाम इथे टोकियोत, निशी-कसाईतल्या ऑफिसच्या पोरांना समजावला. सामने इथल्या रात्री होतात, म्हणून त्यांच्यातला सुधीर ते डिशवरून टेप करतो आणि दुसऱ्या दुपारी सगळे त्याच्याकडे बघतो.

आज फिनलंड-स्वीडन, हंगामातला शेवटचा सामना. "काका, आमची डिश बिघडलीय," सुधीर कालच म्हणाला होता. दुपारी सहज त्याच्याकडे डोकावलो, तर दारात बुटांची ही रांग आणि आत आरडाओरडा!

सुधीर ओशाळला. "काका, तुम्ही सारखी टेप थांबवून समजावता हो. एकदा नुसतं बघायचं होतं. या ना आत."

आत कुणीतरी नवख्याला ऑफसाइड समजावत होतं, तेही चुकीचं. ते न सुधारताच मी परत आलो.

तुम्ही आत गेला असता का?