बाराशेच्या खिंडीतला तिरका पट्टा

दुपारचं जेवण झाल्यावर गव्हाणे गुरुजी ओसरीवरच्या आरामखुर्चीत अंग टाकतात. हातात उद्याच्या फलकाचा मजकूर आहे. 'बाराशेची खिंड. दोन हजार वर्षांपूर्वी येथून रोमन व्यापाऱ्यांचे तांडे जात. त्यांच्या रक्षणासाठी बाराशे यवन, म्हणजे रोमन, शिपायांची छावणी येथे होती, त्यावरून हे नाव पडले. शोध : त्र्यंबक गव्हाणे, निवृत्त मुख्याध्यापक.' शेवटची ओळ ते पाचव्यांदा वाचतात. शुद्धलेखनाची चूक सापडत नाही, म्हणून सहाव्यांदा वाचतात. उद्या सकाळी पुण्याचे दोन प्राध्यापक येणार, फलकावरचा पडदा ओढणार, आणि मास्तरांचा एकदाचा इतिहासकार होणार. त्यासाठी गुरुजींनी नऊ वर्षं खिंडीत काढलीत, मोजायची टेप घेऊन आणि डोक्यावर साहेबी हॅट घालून. बायको त्या हॅटला टोपली म्हणते.

अक्षरं विरघळायला लागतात. खुर्चीचं कापड ढिलं होतं, आणखी ढिलं होतं, आणि गुरुजींचे पाय टेकतात ते तापलेल्या मुरमावर.

समोर हणमंता ढोणे उकिडवा बसलाय. रस्त्याच्या कामावरचा मुकादम. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. पुढ्यात कामावर खायला वाटायच्या त्या सुकडीची परात आहे.

"तिंबका, जेवलास?"

"जेवलो, मामा. पण तुम्ही तर..."

"मेलोय. म्हाईत हाय मला. तूच भाषण केलं होतंस की मसणवट्यात. लय लांबवलंस. ऊन लागत होतं."

"तुम्हाला?"

"खांदेकऱ्यांस्नी. मला कशाचं ऊन?" हणमंता सुकडीचा घास तोंडात टाकतो. "उद्या कसला तमाशा लावलाय म्हणं?"

गुरुजींना विचारायचाच अवकाश असतो. ते उठतात तेव्हा मागं फळा आहे, हातात खडू आहे, आणि चौथीच्या वर्गातल्या बाकांवर काळे दगड ओळीनं बसलेत. हणमंता शेवटच्या बाकावर, परात घेऊन.

"खिंडीत बारा हातांचा एक पट्टा आहे," गुरुजी सांगतात. "तिथले दगड एका अंगाला कललेले आहेत. पाणी निचरून जावं म्हणून. ही खास रोमन युक्ती. माझ्या पुस्तकात पान चौतीस."

"ते तुझं हाय."

"हो, पुस्तक माझंच."

"पुस्तक न्हवं रं. पट्टा. तू बसवलास, दोरी न लावता. मी म्हणलं, उचल. तू म्हणालास, उद्या उचलतो. आन् दुसऱ्या दिवशी मास्तरकीच्या ट्रेनिंगचं पत्तर आलं, तसा पळालास."

बाकांवरच्या दगडांत खसखस पिकते.

खरं आहे ते. बहात्तरच्या दुष्काळात विशीतला त्र्यंबक चार महिने याच खिंडीत रस्त्याच्या तळाचे, सोलिंगचे दगड बसवत होता. बाराशे माणूस कामावर होतं, म्हणून ती बाराशेची खिंड. पासष्टीच्या पुढच्या कुणालाही विचारलं तर तो विडी न विझवता सांगेल. पण इतिहास लिहिताना म्हाताऱ्यांना विचारायची पद्धत नाही. ते जमिनीच्या वर असतात, म्हणून त्यांना पुरावा मानत नाहीत. आणि गुरुजी तर चारचौघांत सांगतात की बहात्तर साली ते पुण्याला शिकत होते. पन्नास वर्षं सांगून सांगून त्यांना पुण्यातल्या खाणावळीची चवसुद्धा आठवायला लागली आहे.

"मामा, हे कुणाजवळ बोलू नका."

"मी कुणाला सांगू? माझ्या शेजारीपाजारी समदे मेलेलेच. आन् त्ये बी कामावरच होते. हसत्यात नुसते."

"मग तुमचं काय बिघडलं?"

हणमंता परात खाली ठेवतो. "रस्ता रोमनानं बांधला म्हण, न्हाईतर माकडानं बांधला म्हण. मला काय बी न्हाई त्याचं. पर तीन मैल रस्ता मी दोरीत घेतलाय. एक दगड डुगडुगत न्हाई. उद्या शिकलेली माणसं येणार, आन् फोटू कशाचा काढणार? तर तुझ्या वाकड्याचा. हणमंता मुकादमानं हे पास केलं, असं म्हणतील. पाव्हणं यायच्या आत उचल ते."

"पण ते सरळ झालं तर रोमन काय उरलं, मामा?"

"काय बी न्हाई. उचल."

वर्गाची फरशी आता खिंडीचा रस्ता आहे. गुरुजी पायजमा खोचून गुडघ्यावर बसलेत. ते एक दगड उपटतात, दोरीला लावतात, तो पुन्हा कलतो. हणमंता वरून नुसता बघतो, ते शिवीपेक्षा वाईट. वळणावरून धूळ उठते आणि बाराशे यवन शिपाई येतात, भाले-ढालींसकट, आणि थेट सुकडीवर तुटून पडतात.

"ए, रांग," हणमंता म्हणतो. बाराशे यवन गपगार रांगेत उभे राहतात.

त्यातला एक, बहुधा त्यांचा मुकादम, तिरक्या पट्ट्यापाशी थांबतो. कमरेवर हात ठेवतो. जिभेनं च्‌ च्‌ करतो. गुरुजी मोठ्या आशेनं वर बघतात.

"असलं आम्ही नसतं बसवलं," तो स्वच्छ मराठीत सांगतो आणि हणमंताकडे वळतो. "तुम्ही पगार देता याला?"

"नवा हाय," हणमंता खाली मान घालून म्हणतो.

मेलेल्या माणसाला आपल्यामुळं परक्यासमोर मान घालावी लागली, हे गुरुजींना बोचतं. ते हातोडा उचलतात, दगडाचा नेम धरतात, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून डाव्या अंगठ्यावर हाणतात.

ओसरीवर चारचं ऊन आलंय. अंगठा ठणकतोय. नख काळंनिळं पडलंय आणि बोट वांग्यासारखं सुजलंय.

पायरीवर सरपंच कैलास ढेकळे उभे आहेत. "गुरुजी, पेंटर खोळंबलाय. मजकूर फायनल करा. आणि हे बोटाला काय?"

"दगड बसवताना लागलं."

"कुठले दगड?"

"खिंडीतले."

सरपंचांचा चेहरा उजळतो. "म्हणजे जीर्णोद्धारही तुम्हीच केला. टाकू का तशी एक ओळ?"

गुरुजी पेन मागतात. आधी ते स्वतःचं नाव खोडतात, त्याला बराच वेळ लागतो. मग रोमन व्यापारी आणि यवन शिपाई, ते एका फटक्यात जातात. वर खिंडीचं नाव ठेवून खाली लिहितात, 'दुष्काळी काम, १९७२. बाराशे मजूर. मुकादम : हणमंता ढोणे.' जरा थांबतात आणि आणखी खाली बारीक अक्षरात लिहितात, 'तिरका पट्टा : त्र्यंबक गव्हाणे.'

सरपंच ओठ हलवत वाचतात. दोनदा वाचतात.

"झकास. आटोपशीर झालं," ते म्हणतात. "फक्त एक सांगा, पेंटर विचारेल. हे एकोणीसशे बहात्तर इसवी सनाच्या आधीचं का नंतरचं?"