धूमकेतूचा पंचनामा

"पंच कोन?" असं विचारल्याशिवाय हवालदारांनी कुठलीच बातमी पचवली नाही. पुतण्याला मुलगा झाला, पंच कोन? शेजारच्या गावात वळीव पडला, पंच कोन? एकदा मी सांगितलं की आज पित्ताने डोकं धरलंय, तर तिथेही तेच. पोलिसात हवालदार म्हणून वाई, फलटण, सातारा अशा बदल्या भोगून हा गृहस्थ निवृत्त झाला आणि कवठे महांकाळजवळच्या आपल्या गावी येऊन बसला. पण डोक्यातलं ठाणं काही बंद झालं नाही. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल, नीट बघा.

मी तेव्हा सांगलीत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. एका धूमकेतूच्या वेळी आम्ही मैदानावर दुर्बीण लावली होती आणि रांगेत हे उभे. त्यांचा नंबर आला, त्यांनी डोळा लावला, बाजूला झाले, आणि थेट दुर्बिणीच्या पुढच्या तोंडात बोट घालून भिंग चाचपायला लागले. मी ओरडलोच. ते शांतपणे म्हणाले, चित्र चिकटवलंय का बघतोय. माझं असं डोकं फिरलं म्हणता! शेवटी दुर्बीण वळवून त्यांना लांबची पाण्याची टाकी दाखवली, तिच्यावरची जाहिरात वाचायला लावली, तेव्हा कुठे मान हलली. पुढच्या रविवारी साहेब माझ्या दारात हजर. दुर्बीण कुठे मिळते विचारायला.

धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा, सूर्याजवळ आला की बर्फाचा थेट वायू होतो आणि धूळ मोकळी सुटते, असं मी त्यांना समजावलं. यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवतोय. मधलं पाणी कुठं गेलं, हा त्यांचा सवाल. मी डांबरगोळीचं उदाहरण दिलं, ती पाणी न होताच विरते. झालं! त्यांनी एक गोळी सोनाराकडे तोलून पत्र्याच्या डबीत ठेवली, डबीला फडकं गुंडाळून लाखेची मोहोर लावली आणि त्यावर माझी सही घेतली. डबीच्या झाकणाला मुद्दाम बारीक भोक ठेवलं होतं. दोन महिन्यांनी माझ्यासमोर मोहोर फोडली. गोळी निम्मी झाली होती आणि डबी कोरडी ठणठणीत. "मान्य," एवढंच म्हणाले.

मग आमचं रीतसर काम सुरू झालं. धूमकेतू आला की मी सांगलीहून एसटीने जायचो. त्यांच्या घरामागच्या माळावर दिवस मावळला की त्यांनी घेतलेली दुर्बीण लागायची. पद्धत त्यांची, अगदी पंचनाम्याची. ठिकाण, वेळ, हवा कशी, सगळं आधी लिहायचं. आळीपाळीने बघायचं, बोलायचं नाही. एकमेकांकडे पाठ करून लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात चित्र काढायचं, आणि मगच कागद बदलायचे. जे दोघांनी पाहिलं तेवढंच खरं. खाली दोघांच्या सह्या, समक्ष.

एकदा मी धुळीची शेपटी चांगली रुंद, पसरट काढली. ते उठून अंधारात चालत गेले आणि पंधरा मिनिटांनी परत आले. कुणीतरी बांध पेटवला होता, त्याचा धूर मी आकाशात चढवला होता. त्यांनी माझ्या रेघांवर काट मारली. शिकवायला मी, आणि काट मारणारे हे. वरवर हसलो खरा, पण मनात ते बोचत राहिलं, खोटं कशाला सांगू.

पुण्यातल्या आकाश बघणाऱ्या एका मंडळाने हाताने काढलेली चित्रं मागवली होती. हवालदारांनी ते फार मनावर घेतलं. एरवी स्वतःबद्दल चकार शब्द न काढणारा माणूस त्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "आयुष्यभर लोकांच्या गुन्ह्याचे कागद वर धाडले, सर. हा एक कागद चांगल्या गोष्टीचा जाऊ द्या." त्यांना फक्त धुळीची नव्हे, वायूची शेपटीही कागदावर हवी होती. धुळीची शेपटी पिवळट आणि वाकडी, वायूची निळसर, बारीक, सूर्याच्या बरोब्बर उलट दिशेला सरळ. ती आम्हा दोघांना कधीच दिसली नव्हती.

त्या वर्षी मिरजेला त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दिवाळीनंतर धूमकेतू आला. आम्ही पाहिलं, पाठी केल्या, कागद बदलले. त्यांच्या कागदावर दोन शेपट्या होत्या. दुसरी सुतासारखी सरळ, आणि बाजूला लिहिलेलं, 'निळसर'. मी उठून पुन्हा पाहिलं. तीनदा पाहिलं. मला एकच शेपटी दिसत होती.

माझ्या मनात पाल चुकचुकली. दिशा इतकी अचूक कशी? शिकवलेलं जसंच्या तसं उतरलं म्हणूनच मला ते खोटं वाटलं. शिवाय डोळा ऑपरेशनचा, आणि कागद पाठवायची घाई. संध्याकाळीच त्यांना मोबाईल चाळताना मी पाहिलं होतं.

"हवालदार, खरं सांगा. मोबाईलवर फोटो बघितला होता?"

"न्हाई."

"पंच कोण?" मी म्हणालो.

त्यांनी कागद घेतला आणि माझ्या सहीच्या जागी स्वतःच लिहिलं, 'पंचास दिसले नाही.' "बरोबर हाय तुमचं. न दिसल्यालं लिवू नये," म्हणाले. नेहमीप्रमाणे मोटरसायकलवरून मला स्टँडवर सोडलं.

तो कागद पुण्याला गेला नाही. नियम त्यांचाच होता, तो ते कसा मोडतील? त्यांनी फोन केला नाही, मीही केला नाही. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहेत. वैशाखात ते गेल्याचं कळलं. रानातून आले, बसले, आणि संपलं. दहाव्याला जाऊन मी मागच्या मागे परत आलो.

पुढच्या वर्षी माझ्याही उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढली, तर जिला मी दोन वर्षं करडी म्हणत होतो ती बायकोची साडी लख्ख निळी. डॉक्टर हसून म्हणाले, वयाने भिंग पिवळं पडतं, निळा रंग गिळतं. आता नवं भिंग आहे. मी खुर्चीवरून उठलोच नाही.

त्या हिवाळ्यात पुन्हा एक धूमकेतू आला तेव्हा मी माळावर गेलो. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दुर्बीण काढून दिली आणि सोबतीला बाजूला उभ्या राहिल्या. मी उजवा डोळा लावला. धुळीच्या शेपटीशेजारी निळसर सरळ रेघ होती. डावा लावला, नाहीशी. उजवा लावला, पुन्हा तिथेच. पाच-सहा वेळा केलं मी ते. मग तिथेच खाली बसलो आणि रडलो.

"वहिनी, त्यांना खरंच दिसलं होतं," मी म्हणालो.

"मला कशापायी सांगताय, सर? मी कवा संशय घेतला हुता?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "शिवरात्रीपातुर तो कागद मेजावर उघडाच ठिवला हुता त्यांनी. सर येतील, परत बघतील, म्हनायचे. तुमी तवा यायचं हुतं."

त्या घराकडे वळल्या. तो कागद अजून आहे का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.