हार घातलेली यंत्रे

खंडेनवमीला तालुक्याच्या रुग्णालयात मी खोकल्याचे औषध घ्यायला गेलो होतो. मागची साथ ओसरल्यावर, पुढच्या साथीची तयारी म्हणून सरकारी निधीतून आलेल्या दोन श्वसनयंत्रांना सिस्टर झेंडूचे हार घालत होत्या. यंत्रांवरचे प्लास्टिक अजून निघालेले नव्हते; कुंकू त्यावरच लावले होते.

इतक्यात तापाने धापा टाकणाऱ्या वडिलांना धरून एक बाई आत आली.

"सिस्टर, हे मशीन लावा ना आमच्या आबांना."

"अगं, मशीन आलंय, चालवणारा माणूस अजून मंजूर व्हायचाय. जिल्ह्याला ने त्यांना, मी गाडी बोलावते."

"मग पूजा कशाला करताय त्याची?"

सिस्टर खाली मान घालून फोन लावू लागल्या. भीती ओसरली की निधीही आटतो, आणि अर्ध्यावर राहिलेल्या तयारीला आपण तयारीच म्हणत राहतो, असे काहीसे माझ्या मनात आले. गाडी आल्यावर मी आबांना आत बसवायला हात दिला. ते फार हलके लागले.

मुलगी त्यांच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "आबा, दीड तासाचा रस्ता आहे. श्वास जरा पुरवून पुरवून घ्या."