लॉबीतलं रडणं

खरं सांगा मंडळी, ज्याला कधी भेटलोही नाही त्याच्यासाठी आपल्याला एवढं रडू येतं कुठून?

आज सकाळी एक मोठा नट गेल्याची बातमी आली. संध्याकाळी बेंगळुरूच्या येलहंक्यातल्या आमच्या अपार्टमेंटच्या लॉबीत हार घातलेला फोटो, समई आणि अख्खी बिल्डिंग हजर. अर्धे रडत होते, उरलेले रडणाऱ्यांचे व्हिडिओ काढत होते. मला तर सगळं नाटकच वाटलं.

कारण गेल्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे शंकरअण्णा गेले. तेव्हा ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडले आणि लगेच पाण्याचा टँकर कधी येणार याची चौकशी सुरू झाली. भेटायला मोजकीच माणसं गेली.

आणि आज बघते तर शंकरअण्णांच्या बायको, सरोजाक्का, त्या फोटोसमोर हुंदके देऊन रडतायत! नवरा गेला तेव्हा यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. म्हटलं, घ्या, आता ह्यासुद्धा!

बायकांनी त्यांना जवळ घेतलं, कुणी पाणी आणलं. मी जरा खोचकपणेच विचारलं, "अक्का, एवढा आवडायचा का हा तुम्हाला?"

त्या हळूच म्हणाल्या, "याचा पिक्चर एक पण बघितला नाही गं मी. घरी डोळे भरले की मुलगा म्हणतो, 'साकु अम्मा', म्हणजे पुरे आता. इथे कोणी पुरे म्हणत नाही."

तेव्हापासून लॉबीतला एकेक चेहरा आठवतेय. त्या नटासाठी रडत होतं तरी कोण?

आणि तुम्ही आज स्टेटस ठेवलंत, ते नक्की कोणासाठी?